सबूर, पुढचं गुरुवारी

बिराजदार सरांनी आम्हाला कुठलाच भाग कधी सलग दाखवला नाही. पडद्यावर नायकानं तलवार उपसली, पुलापलीकडे शत्रू दिसायला लागला, आम्ही सगळे सतरंजीवर पुढे सरकलो, की सर उठायचे, लॅपटॉप बंद करायचे आणि म्हणायचे, "सबूर. पुढचं गुरुवारी." मग जो आरडाओरडा व्हायचा, तो ऐकून शेजारच्या वर्गातले फिजिक्सचे सर डोकावून जायचे.

लातूरला मुलं डॉक्टर व्हायला येतात. तिथं मानसशास्त्राचा प्राध्यापक म्हणजे पंगतीतलं लोणचं. वाढलं तर बरं, नाही वाढलं म्हणून कुणी उठून जात नाही. सर कॉलेजातून निवृत्त झाले आणि आमच्या क्लासवाल्यांनी 'मुलांचं टेन्शन तेवढं कमी करा' म्हणून त्यांना ठेवून घेतलं. पहिले काही दिवस त्यांनी ताणतणावावर व्याख्यानं दिली. पोरं मागच्या बाकांवर झोपा काढायची. एकदा त्यांना एका पोराच्या दप्तराला लटकणारा तलवारवाला बाहुला दिसला. "हा कोण रे?" एवढंच विचारलं, तर एरवी 'ठीक आहे सर'च्या पुढे न जाणारं ते पोरगं चहा गार होईपर्यंत बोलत राहिलं.

सर ही गोष्ट रंगवून सांगायचे. "स्वतःबद्दल विचारलं की ठीक हाय. त्या तलवारवाल्याबद्दल विचारलं तर तोंड थांबंना. मग मी कशाला तुमच्याबद्दल विचारू?"

तिथून गुरुवारचा वर्ग सुरू झाला. साठीच्या घरातला माणूस त्या तलवारवाल्यासारख्यांचे जपानी ॲनिमे, म्हणजे तिकडच्या कार्टून मालिका, बघायला बसला, तोही जाड चष्मा वर-खाली करत, खालची इंग्रजी अक्षरं मोठ्यानं आमच्या बोलीत वाचत. "ती म्हणायली की मला काय बी झालं न्हाई. खोटं बोलायली बघा!" अर्ध्यावर थांबवलं की चर्चा. नियम एकच, बोलायचं ते पात्राबद्दल, स्वतःबद्दल चकार शब्द नाही. आणि उरलेलं मोबाईलवर एकट्यानं बघायचं नाही, ही शपथ.

वर्गाला भलताच रंग चढला. टेस्टच्या पेपरांच्या पाठीमागं चित्रं निघू लागली. कोणतं पात्र थोर यावरून दोन मैत्रिणींनी मेसमध्ये अबोला धरला. एका गुरुवारी सगळ्यांनी पात्रांचे वेश करून यायचं ठरलं, तेव्हा सर खांद्यावर सत्काराची शाल गाठ मारून सेनापती बनून आले. "कपाट भरलंय ह्या शालींनी. आज पहिल्यांदा एक कामाला आली," म्हणाले आणि स्वतःच लई खूश झाले.

मी त्या वर्गात सगळ्यात मागे, भिंतीला टेकून बसायचे. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत एकदा अपयश येऊन पुन्हा तयारीला आलेली. माझं गाव निलंग्याजवळ. तिथं आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लोक 'डॉक्टरीणबाईचे वडील' म्हणू लागले होते, आणि मला अजून प्रवेशही मिळाला नव्हता. झोप उडाली होती, जेवण जात नव्हतं, आणि जगण्यातच काही राम नाही असं वाटायला लागलं होतं. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. सोमवार नको वाटायचा, मंगळवार नको वाटायचा. गुरुवार मात्र हवा असायचा, कारण त्या पोरीचं पुढं काय होतं ते कळायचं राहिलेलं असायचं.

ती पोरगी म्हणजे त्या मालिकेतली तटावरची पहारेकरी. सगळं शहर तिच्या भरवशावर झोपायचं आणि ती झोपतानाही अंगावरचं चिलखत उतरवायची नाही. सरांनी विचारलं, "का काढत नसंल ती?" कुणी म्हणालं शूर आहे, कुणी म्हणालं सवय. माझ्या तोंडून निघून गेलं, "काढलं आणि आत काहीच उरलेलं नसलं तर, अशी तिला भीती वाटते. तिला जगायचाच कंटाळा आलाय."

सरांनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "पटलं," एवढंच म्हणाले. वर्ग सुटल्यावर मात्र सतरंजी गुंडाळायला मलाच थांबवलं. "वैष्णवी, मला वाटतं त्या पोरीला डॉक्टरला दाखवावं. नुसत्या गोष्टीनं भागायचं न्हाई. तुला काय वाटतं?"

"दाखवावं," मी म्हणाले.

"ती एकटी जायची न्हाई. तू जाशील तिच्यासंगं? मी बी येतो."

मला रडू फुटलं. सर सतरंजीचं दुसरं टोक धरून तसेच उभे राहिले.

खरी लढाई पुढे होती. सरांच्या फोनवरून आप्पा एसटीनं आले ते तणतणत. "माझी लेक येडी हाय का? मनाच्या डॉक्टरकडं नेलं तर गावात तोंड कसं दाखवू?" सरांनी वाद घातला नाही. त्यांना गुरुवारच्या वर्गात सतरंजीवर बसवलं, शेजारी मी. धोतर-टोपीतले आप्पा जपानी पोरीकडे डोळे बारीक करून बघत राहिले. सरांनी अर्ध्यावर थांबवलं आणि पहिला प्रश्न त्यांनाच टाकला, "बोला आप्पा, काय वाटलं?"

"एवढीशी पोर," आप्पा चिडून म्हणाले, "हिला पहाऱ्याला बसवलं कुणी? आईबाप न्हाईत का हिला?"

उत्तरासाठी त्यांनी सरांकडे पाहिलं. मग त्यांची मान हळूहळू माझ्याकडे वळली. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या दारात ते माझ्याआधी हजर होते.

औषधं लागली, वेळ लागला. परीक्षा मी सोडली, उपचारांसाठी लातूरलाच राहिले. गावात लोकांना काय सांगायचं ते आप्पांनी सांगितलं, मला कुणाला उत्तरं द्यायला लावली नाहीत. आणि गुरुवारी ते एसटीनं यायचे. "लेकीला भेटाया आलो," म्हणायचे, पण सगळ्यात पुढे जाऊन बसायचे.

मालिकेचा शेवटचा भागही सरांनी अर्ध्यावरच थांबवला. तटावर पहाट होते आहे, आणि तिचा हात चिलखताच्या बंदाकडे जातो आहे. "सबूर." पुढच्या गुरुवाराआधीच, अंगणात झाडांना पाणी घालताना, हृदयविकारानं सर गेले. त्यांच्यावाचून ते उरलेलं बघायला मन धजावलं नाही. आप्पांनीही शपथ मोडली नाही.

आता मी नांदेडला मानसशास्त्रच शिकते आहे आणि मुलींच्या एका वसतिगृहात गुरुवारचा वर्ग चालवते. तीच मालिका, तीच सतरंजीची बैठक. काल आम्ही शेवटच्या भागाला पोचलो. बंदाकडे हात गेला तिथंच मी लॅपटॉप बंद केला. गोंधळ उडाला. माहूरकडची एक मुलगी, जी महिनाभर वर्गात बोलली नव्हती, मागच्या भिंतीजवळून ओरडली, "मॅडम, काढते का न्हाई ती? तेवढं तरी सांगा!"

"मला माहीत नाही गं," मी खरं तेच सांगितलं. "पुढच्या गुरुवारी आपण मिळून बघू. तू ये मात्र."

"येते," ती म्हणाली.

घरी येऊन आप्पांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गुरुवारी सकाळच्या एसटीनं निघतो. मी आल्याबिगर सुरू करू नको."