मनगटाची ओळख

कवठे महांकाळच्या जैनबबी मण्यारणीनं चाळीस वर्षं बायकांना बांगड्या भरल्या. हात दाबला की तिला माप कळायचं, विचारायची गरजच नाही. मग अर्धांगाचा झटका आला आणि माणसांची नावं, चेहरे, सगळं पुसलं गेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत नावांची जागा वेगळी, हातांच्या सवयीची वेगळी. ती दुसरी शाबूत आहे.

दहिवडीला दिलेली लेक अर्फा भेटायला आली. आईनं तिला ओळखलंच नाही.

"बसा, बांगड्या भरायच्यात न्हवं?" म्हणत जैनबबीनं तिचा हात धरला, दाबून पाहिला आणि थबकली.

"ह्या हाताला सव्वादोनच्या लागायच्या. लय वाळलाय. सासरी पोटभर जेवाय देत न्हाईत व्हय गं?"

अर्फानं हे माहेरी कधीच सांगितलं नव्हतं.