देव्हाऱ्यातला कापूस कोण नेतो?

ती घटना आठवली की आजही नाकाला करपलेल्या तुपाचा वास येतो. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन मी सपत्नीक कतारमध्ये दोह्याला लेकीकडे गेलो होतो. वर्ल्ड कपसाठी अख्खं शहर खणून ठेवलेलं. जावई स्टेडियमच्या कामावर इंजिनीअर. घरी यायचे ते धुळीनं पांढरे होऊन.

नवरात्र तोंडावर आलं आणि हिनं फिर्याद दिली, "गावाहून आणलेला वातींचा कापूस रोज कमी होतोय. एसी सोसत नाही म्हणून तुम्हीच कानात घालता ना?" म्हणजे तपासाआधीच मी पहिला संशयित!

"बाबा, इथं तुमची हद्द नाही," लेक म्हणाली.

"हद्द नसेल, नाक आहे," असं म्हणून मी स्वयंपाकघराचा पंचनामा केला. हाती काही लागलं नाही. डबे मात्र परत लावावे लागले.

मग सापळा लावला. कोरडा कापूस आमच्या बॅगेत, कुलपात. देव्हाऱ्यापाशी फक्त तुपात भिजवलेल्या फुलवाती. दुसऱ्याच संध्याकाळी जावई बाल्कनीतून खोकत आत आले. अंगाला निरांजनाचा वास!

चौकशीची माझी जुनी पद्धत म्हणजे चहा द्यायचा आणि गप्प बसायचं. कप संपायच्या आत जावयांच्या खिशातला व्हेप, म्हणजे ती विजेवरची सिगारेट, टेबलावर आला.

"दुकानातल्या कापसाला औषधी चव लागते, बाबा. आईंचा चांगला. उकळायचा, वाळवायचा, तंतू सरळ विंचरून आतल्या तापणाऱ्या कॉइलमधून ओवायचा. घट्ट बसला तर निकोटीनचा रस चढत नाही, सैल पडला तर गळतो. काल कोरडा दिसेना, म्हटलं तूप पिळून काढू."

"पिळून?" ही दारातून कडाडली.

मी म्हणालो, "इथं ही वस्तू आणायला-विकायला बंदी आहे. स्टेडियमच्या गेटवर बॅगेत सापडली तर नोकरी खलास."

"आणि मग आपण कुठं जायचं?" लेकीचा आवाज चिरकला.

"माहितीये. पण दिवसभर कानाशी यल्ला, यल्ला, चला, आटपा! तेवढी पाच मिनिटंच माझी असतात. ती मी सोडणार नाही." जावयांची मान ताठ.

मी कलमं आठवू लागलो. ती सगळी आपल्याकडची. एवढ्यात हिनं बॅगेतला कापूस ताटात काढून त्यांच्यापुढं सरकवला.

"पाच मिनिटं तुमचीच, जावईबापू. रोज आलात की वाती वळा. नऊ दिवस दिवा विझता कामा नये. ते यंत्र आधी कचऱ्यात."

ते उठले, टाकून आले. "घाबरून टाकलेलं नाही हं, आई."

"माहितीये. वळा."

पहिली वात सुरवंटासारखी झाली. दिवा मात्र अखंड राहिला.

नोकरीभर मला वाटायचं, कबुलीजबाब मिळाला की केस संपली. आरोपीचे हात त्यानंतर रिकामे राहतात, याचा विचार मी कधी केला नव्हता.

नवव्या दिवशी मी विचारलं, "काय, सुटलं ना?"

"सुटलं म्हणू नका, बाबा," कापूस ओढत ते म्हणाले. "सध्या हात मोकळे नाहीत."