माझा शुद्ध गांधार आणि शालनची काळी पाच

मी पेटी दुरुस्त केली आणि बायकोचं गाणं बिघडलं.

नव्वदच्या दशकात शिवाजी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला आणि माझं स्वास्थ्य गेलं. तोवर जुन्या पेटीचा गांधार मला गोडच वाटायचा. सूर एकामागून एक येतात तोवर कान चालवून घेतो. पण मागं तंबोरा लावला, की तोच गांधार थरथरायचा. कुठल्याही पट्टीत गाता यावं म्हणून पेटीत सगळ्या सुरांना सारखं अंतर देतात, आणि त्यापायी गांधार जरा चढाच राहतो. (हे ज्ञान ताजं होतं, म्हणून जास्त धोक्याचं!)

मी कानस घेऊन बसलो.

"अवं, पेटी हाय ती, सायकल न्हवं," शालन म्हणाली.

"तू बघ तरी."

आतल्या पितळी पात्या घासून घासून एकेक सूर तंबोऱ्याशी जुळवला. मग माझ्या काळी एक पट्टीत भजन धरलं. पेटी तंबोऱ्यात अशी मिसळली, की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. शालनही भाकरी टाकून दाराशी येऊन उभी राहिली.

पुढच्याच आठवड्यात कळंब्याच्या देवळात भजन स्पर्धा होती. शालन पहिल्यांदाच एकटी अभंग म्हणणार होती. साथीला मी.

"सूर कंचा?" तिच्या भजनी मंडळाच्या आक्कांनी विचारलं.

"काळी पाच," शालन म्हणाली.

तंबोरा काळी पाचला आणला. षड्ज ठीक. पंचमही ठीक. गांधार दाबला आणि पुढं बसलेलं लेकरू रडायला लागलं! शालन बिचारी पेटीचा सूर धरायला गेली की तंबोरा सुटायचा, तंबोरा धरला की पेटी बोचायची. तिचा आवाज कापायला लागला. मी मदत म्हणून भाता जोरात मारला.

"पावणं," आक्का म्हणाल्या, "पेटी मिटा."

मिटली. शालन नुसत्या तंबोऱ्यावर गायली, आणि तिच्या गांधाराला देऊळ गप्प झालं. बक्षीस मिळालं नाही. मला अभिमान वाटला, आणि लाजही. घरी पेटीवर कायम मीच गायचो. तिची पट्टी तपासायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

परतताना स्कूटरवर मी तिला शास्त्र समजावलं. "एकाच्या षड्जाला सगळे सूर शुद्ध लावले, की दुसऱ्याच्या षड्जाला तेच खुपतात."

"म्हंजे आपल्या सुरात एकदम शुद्ध, आन् दुसरं कोन गायला लागलं की बिघडलं?"

"व्हय."

"मग सासूबाईंनी तुमास्नी बी असंच घासलंय की."

पेटी दुसऱ्याच दिवशी दुकानात देऊन पहिल्यासारखी करून आणली. माझं अजून राहिलंय.