लो वाटणं

सिस्टर आधी दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळायच्या आणि मग काय होतंय ते विचारायच्या. "तोंड काय, खोटं पण बोलतं. हात पुढे कर, बाय," म्हणत त्या रबरी फुगा दाबायला लागायच्या.

फुलपाड्यात आमच्या बिल्डिंगखालच्या छोट्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. रोज सांडोरहून यायच्या. डॉक्टर दोन तास बसत, बाकी वेळ दवाखाना त्यांचाच. पोरांचा ताप, जंत, खरूज त्यांना दारातूनच ओळखू यायची. एखादी आई "हल्ली गप्पगप्प असतो" म्हणाली, की त्या पोराची पापणी खाली ओढून बघायच्या. "रक्त कमी आहे. पोरांना कसलं आलंय टेन्शन? टेन्शन आपल्याला."

दहावीत माझी झोप गेली. सकाळी दप्तर उचलताना रडू यायचं. आईने मला खाली नेलं. मनातलं मराठीत सांगता येईना, तोंडात शाळेतला शब्द आला. "सिस्टर, खूप लो वाटतं."

"नव्वद-साठ," पट्टा सोडत त्या म्हणाल्या. "बघा ताई, बरोबर सांगतेय पोरगी. बीपी लोच आहे." मग आठवडाभर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. आईचा जीव भांड्यात पडला. मीही मान डोलावली. निदान कोणी ओरडलं नव्हतं.

खालच्या मजल्यावरची सृष्टी माझ्याच वर्गात होती. तिचंही असंच चाललं होतं आणि ते फक्त मला माहीत होतं. मी तिला म्हटलं, "सिस्टरना 'लो' सांग. त्या चिडत नाहीत."

तिचं बीपी नॉर्मल निघालं. "एकशेदहा-सत्तर! कसलं लो नि बिलो? उद्या पेपर आहे वाटतं?" बाकावरच्या बायका हसल्या. सिस्टर हसल्या. सृष्टीही हसली. मी तिच्या शेजारीच उभी होते.

नऊ दिवसांनी सृष्टीने आत्महत्या केली.

तेराव्यानंतर सिस्टर आमच्या घरी आल्या. बसल्या नाहीत. "बाय, ती लो म्हणाली. तूही म्हणाली होतीस. म्हणजे काय होतं गं?" मी पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. न कळलेला शब्द त्या पुन्हा विचारत होत्या. दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांनीच आम्हाला मोठ्या हॉस्पिटलात मानसोपचाराच्या ओपीडीत नेलं. आई रिक्षात पुटपुटली, "लोक हसतील हो."

"हसू दे ताई. मीपण हसले होते."

पुढे त्या मुलांना पडद्याआड एकटं घेऊन बसायला लागल्या. "झोप लागते? जगू नये असं वाटतं?" असं सरळ विचारायच्या. आयांना ते आवडायचं नाही. "पोरांच्या डोक्यात नको ते भरवते," म्हणत काहींनी दवाखाना बदलला.

गेल्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली. मी सांडोरला भेटायला गेले. त्या वाडीत केळीची सुकलेली पानं कापत होत्या. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झालं. मग त्यांनी कोयता खाली ठेवला.

"मी हसले नसते, तर ती परत आली असती का गं माझ्याकडे?"

तो शब्द तिला मी शिकवला होता. तेच सांगायला मी एवढ्या लांब आले होते.

"उशीर होतोय सिस्टर, निघते," मी म्हटलं.

त्या मला फाटकापर्यंत सोडायला आल्या.