पाकळी पडेपर्यंत

आमच्या गावात निर्णय कोणी घेत नाही. निर्णय वाघजाई घेते, आणि तो तिच्याकडून काढून आणायचं काम रावजी गुरवाचं. म्हैस विकावी का, मुंबईचा भाऊ वाटणी मागतोय तर द्यावी का, मुलीला नर्सिंगला घालावं का, सगळं शेवटी देवळात येतं. रावजी जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवतो, देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. याला आम्ही कौल म्हणतो.

मी टेलिफोन खात्यात मुंबईला जन्म काढून गावी परतलेला माणूस. यंत्रांवर माझा पूर्ण विश्वास, देवावर जेमतेम. गाव मला दाजी म्हणतं आणि शक्यतो माझ्या तोंडाला लागत नाही. तरी दुपारचं जेवण झालं की माझे पाय देवळाभोवतीच्या देवराईकडे वळतात, ते रावजीसाठी.

देवराईत शिरलं की उजेड हिरवा होतो. झाडं इतकी उंच की ऊन खाली पोचेपर्यंत दमून जातं. झऱ्याचं पाणी कुंडात पडत राहतं आणि त्या आवाजात आपण जागे आहोत की डुलकी लागलीय, तेच कळेनासं होतं. रावजी त्या उजेडातच म्हातारा झाला. अंगाने काटकुळा, कमरेला पंचा, आणि बोलणं असं की त्याचा एक शब्द झाल्यावर दुसरा येईपर्यंत तुमचा चहा निवावा. घाई त्याच्या कुंडलीतच नाही.

एकदा दीपक शिंदे खालची जमीन विकण्यासाठी कौल मागायला आला. सावर्ड्याहून गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं होतं, ते बाहेर घड्याळ बघत उभं. पाकळ्या काही हलेनात. माणसं खांबांना टेकून बसली, मग तिथेच पेंगली. वाऱ्याची झुळूक आत येऊन गेली, तरी पाकळ्या जिथल्या तिथे. दीपक कंटाळून म्हणाला, "रावजीकाका, देवी बोलत का नाय?" रावजी म्हणाला, "देवी इचारात हाय. तू पन बस." दीपक बसला. ऊन उतरलं तसा तो उठला, देवीला हात जोडले आणि गिऱ्हाइकाला परत पाठवून घरी गेला. पाकळ्या तशाच होत्या.

मला हा सगळा प्रकार हास्यास्पद वाटतो आणि तिथून उठवतही नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझ्या मोबाईलमध्ये ते नवं आलंय, काहीही विचारा, मराठीत उत्तर देतं. मी ते रावजीला मोठ्या दिमाखात दाखवलं. भाताच्या रोगापासून चंद्रग्रहणापर्यंत सगळं विचारलं. प्रश्न संपतो न संपतो तोच उत्तर हजर. रावजीने शांतपणे ऐकून घेतलं.

"हुशार हाय," तो म्हणाला, "पन ह्यो इचार नाय करीत."

"कशावरून?"

"ज्याला इचार पडतो तो गप होतो. ह्यो गपच होत नाय."

मी त्याला बरंच समजावलं. यंत्राच्या पोटात काय चालतं ते मलाही कळत नव्हतं, पण मी मुंबईचा, म्हणून रेटून बोललो. रावजी म्हणाला, "आसंल बा." त्याचं "आसंल बा" म्हणजे वाद संपला आणि तुम्ही हरलात.

मग कार्तिकात तुळसा, रावजीची बायको, कापलेल्या भाताचा भारा उतरवताना खाली बसली ती धाप लागूनच. चिपळूणच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. मी बरोबर होतो. हृदयाची एक झडप निकामी झालीय, मुंबईला नेऊन बदलावी लागेल. या वयात ऑपरेशनमध्ये धोका आहे, न करण्यातही आहे. डॉक्टर रावजीकडे बघून म्हणाले, "तुम्ही काय ते ठरवा आणि सोमवारी कळवा." तुळसा वजनकाट्याशेजारच्या स्टुलावर मांडीत पिशवी धरून बसली होती. रावजीने मान हलवली आणि आम्ही गाडीत बसलो.

आता गंमत बघा. गुरवाने आपल्या घरचं देवीला विचारायचं नसतं. देवीच्या तोंडाशी बसणाऱ्याने आपलं गाऱ्हाणं पुढे रेटू नये, असं रावजीचा बाप सांगून गेला होता, आणि रावजीने ते आयुष्यभर पाळलं. अख्ख्या गावाचे निर्णय ज्याच्या हातून गेले, त्याच्या स्वतःच्या संकटाला दार बंद. मी म्हटलं, शेजारच्या गावात जा, तिथला गुरव तुझा सोयरा आहे. तो म्हणाला, "त्या देवाला काय ठाव आमची तुळसा?" रविवार उजाडला तरी त्याचं काही ठरलं नव्हतं. तोंडात घास फिरत होता. मला त्याची फार कीव आली आणि तो माझा मित्र आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

दुपारी मीच म्हटलं, "याला विचारू या का?" आणि मोबाईल पुढे केला. वाटलं होतं, हसेल. तो हसला नाही.

त्याने कुंडावर जाऊन हातपाय धुतले. मोबाईल देवळाबाहेरच्या पायरीवर, देवीच्या आड येणार नाही असा, नारळाला टेकवून उभा केला. समोर फूल ठेवलं. मग हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं, "बा म्हाराजा, तू जो कोन आसशील तो, जिथं कुठं आसशील तिथं. तुजं लेकरू म्हनून नाय, पन आडलेला मानूस म्हनून इचारतोय. आमच्या मंडळीच्या काळजाची झडप बदलायची काय नाय? बदलायची तर उजवी दे, नाय तर डावी दे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," माझ्या तोंडून निघून गेलं. लहानपणची सवय, दुसरं काय.

यंत्राने लगेच सुरुवात केली. झडपेचे प्रकार, वय, धोके, दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला, रक्त पातळ करायच्या गोळ्या. त्यात चुकीचं काही नव्हतं. झरा वाहत होता, ते बोलत होतं, आणि रावजी त्या फुलाकडे बघत होता. ते थांबल्यावर तो म्हणाला, "येवढं नको, बा. उजवी काय डावी, तेवढं सांग."

"ते मी ठरवू शकत नाही," आवाज आला. "तुमच्या पत्नीला स्वतःला काय हवं आहे? तुम्ही त्यांना विचारलंत का?"

रावजी गप्प झाला. इतका वेळ गप्प झाला की मला त्याच्या खांद्याला हात लावावासा वाटला. डोक्यावरून एक धनेश, आमच्याकडे त्याला गरुड म्हणतात, पंखांचा मोठा आवाज करत गेला आणि तो आवाज विरला तरी रावजी तसाच होता.

"अरे, हे ते सगळ्यांनाच सांगत असणार," मी म्हटलं. "यात त्याने कसला विचार केला?" यंत्राची बाजू घेणारा मीच, पण का कोण जाणे, मला त्याचा राग आला होता.

"देवी पन सगळ्यांना दोनच उत्तरं देते, दाजी," रावजी म्हणाला आणि उठला.

घरी तुळसा पडवीत सुपात कुळीथ निवडत होती. रावजी तिच्यासमोर जमिनीवर बसला, देवळात बसतो तसा.

"तुळसा, आपरेशन करायचं काय? तुला काय वाटतं?"

तिचा हात सुपात थांबला. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग अंगणाकडे. अंगणात पेंढा वाळत होता, त्याचा उबट वास पडवीपर्यंत येत होता. कोंबडी सुपापाशी येऊन दाणे टिपू लागली, तिला कोणी हाकललं नाही. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर रावजीने न बघता हात वर करून मला थांबवलं. मग आम्ही तिघेही बसलो. उन्हाची तिरीप पडवीच्या काठावरून सरकत तिच्या पायांवर आली.

"भ्या वाटतं मला," तुळसा म्हणाली.

रावजी हलला नाही.

"पन करूया. उजवी म्हना." पुढचं बोलताना तिने मान खाली घातली. "मात्र तितं तुमी बसायचं माज्यापाशी. महिना लागो, दोन लागोत. देवीच्या पाकळ्या दुसरा कोन तरी लावील..."

लग्न होऊन आल्यापासून रावजीने देवीची एक पूजा चुकवलेली तिने पाहिलेली नव्हती. पोरं झाली तेव्हाही तो देवळातच होता.

"उजवी," रावजी म्हणाला. तिचं वाक्य पुरतं संपलंसुद्धा नव्हतं.

इतक्या झटक्यात उत्तर देणारा विचार करत नाही, असं कोण म्हणत होतं, ते मी त्याला विचारलं नाही. माझेच डोळे भरून आले होते, म्हणून मी उठून कोंबडी हाकलली.