चाळभर फिरणारी खाजेची ट्यूब

अजून किळस जात नाहीये, म्हणून लिहितेय.

आमच्या बमरोलीच्या चाळीत खाजेच्या मलमाची एकच ट्यूब घरोघर फिरते. आज शेजारच्या काकूंनी तिचं तोंड थेट पोटरीवरच्या गजकर्णावर घासलं. लाल, उंचावलेल्या कडेची गोल चकती, वर पांढरे पोपडे! पुसलीसुद्धा नाही, आणि तीच ट्यूब नातवाच्या मानेला लावायला निघाल्या.

मी हिसकावून कचऱ्यात टाकली. "काकू, बाळाला साधं घामोळं आहे! तुमचं गजकर्ण द्याल त्याला."

"चार बुकं शिकनी, ते आते आम्हनी घान वाटस तुले?"

वाटली. खोटं कशाला बोलू?

आत्ता पाहिलं, तर आईने ती ट्यूब कचऱ्यातून काढून, धुऊन फळीवर ठेवलीय. तुमच्या फळीवरची ट्यूब कुठून कुठून फिरून आलीय, ठाऊक आहे?