बडे सरांचं दहा मिनिटं पुढचं घड्याळ

दोष बडे सरांचा. आधीच लिहून ठेवतो. कॉलेजचे किस्से साठत गेले की लोक हसतात, अन् दोष कोणाचा ते विसरतात.

शेवटच्या वर्षी मी अन् सुगतनं प्रोजेक्ट घेतला : उपग्रहाशिवाय जागा शोधायची. कॉलेज, शहापूर अन् आंबागड, तीन ठिकाणी छोटे ट्रान्समीटर. तिन्हींनी एकाच क्षणी रेडिओ सिग्नल सोडायचा. कोणता किती उशिरा पोचला, त्यावरून रिसिव्हर आपली जागा काढतो. तिन्ही घड्याळं तंतोतंत जुळलेली हवीत. सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला, की जागा तीनशे मीटर हलते.

बडे सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. त्यांना हे समजावलं, तर त्यांनी मनगटावरचं घड्याळ पुढं केलं. "हे पाय. वीस वर्षांपासून दहा मिनिटं समोर ठेवतो. मी कोनाच्या मांगं रायत नाई."

*

अँटेनापर्यंतच्या वायरमधून सिग्नल जायला लागणारा वेळही आम्ही मोजून धरला होता. पाहुणे येणार म्हणून सरांनी वायरचं वेटोळं कापायला लावलं. बरं दिसत नव्हतं म्हणे. गेटवर ठेवलेला रिसिव्हर शेजारच्या तलावात दिसू लागला. तक्रार केली, तर सर म्हणाले, "नकाशा जुना असन."

*

घड्याळं लॅबमध्ये शेजारी ठेवून जुळवायची अन् चालू ठेवूनच जागेवर न्यायची. वीज तुटली की सगळं पहिल्यापासून. कॉलेजची जीप सरांच्या साळ्याच्या लग्नात. म्हणून आंबागडचं घड्याळ सुगतनं बॅटरीसकट चादरीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेतलं. बाजूच्या आजीनं विचारलं, "लेकरू काहून रडत नाई बापा?"

सुगत म्हणाला, "हे झोपलं का आमाले रडा लागन, आजी."

*

परीक्षेच्या आदल्या दिवशी लॅबच्या घड्याळावर कागद चिकटवला : बंद करू नका. पण घरी जाताना मेन स्विच बंद करायचा, हा सरांचा नियम. सकाळी आलो तर घड्याळाचा दिवा चालू. हायसं वाटलं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर रिसिव्हर लावला. स्क्रीनवर आमच्याच कॉलेजचा ट्रान्समीटर सूर्याच्याही पलीकडे. वेळेतला फरक बरोब्बर दहा मिनिटांचा.

परीक्षकांनी विचारलं, हे घड्याळ आज कोणी लावलं?

"पोट्ट्यांनी," सर म्हणाले.

मी म्हणालो, "सर, हात दाखवा."

सरांनी बाही खाली ओढली.

वरिष्ठांचा अपमान केला म्हणून कॉलेजनं दोघांकडून माफीनामा मागितला. सुगतनं दिला. मी दिला नाही. माझी डिग्री गेली.